शेऱ्याचा रकाना

४ फेब्रुवारी २०१८
रिटायर होऊन एक महिना. इथल्या एका संस्थेला व्हॉलंटिअर हवे होते. निजामकाळातल्या कुटुंबवार नोंदवह्या, उर्दूतून मराठीत उतरवायच्या. एकवीस दिवसांत मी अक्षरं शिकलोय. तपासणीला सगीरा मॅडम, खुलताबादच्या रिटायर्ड शिक्षिका. म्हणाल्या, शंका आली की प्रश्नचिन्ह टाका. मला शंका येत नाहीत. रोज पन्नास नोंदी. नक्की.

७ फेब्रुवारी
आठ झाल्या. डोळे दुखतात. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. सात जणांचं आडनाव वल्द लिहून झाल्यावर कळलं.

१२ फेब्रुवारी, सकाळी सात
आपलं गाव. आपलंच घर! पणजोबा. पुंजाराम वल्द फकिरा, वय सव्वीस. शेऱ्यात: फौज. शेवटचं अक्षर पुसट आहे, पण स्पष्टच. साल १३२८ फसली म्हणजे १९१८. महायुद्ध. सगळं जुळतं.

१३ फेब्रुवारी
चुलतभाऊ बद्रीनाथला फोन. म्हणाला, दादा, आपल्यात कुणी बँडवाला पण झाला नाय, फौजेत कोण जाणार? जळतोय. तरी पंचवीस तारखेच्या भाऊबंदांच्या मेळाव्यात माझा सत्कार ठरला.

१६ फेब्रुवारी
शेऱ्यातल्या तारखा बघितल्या. एकाच आठवड्यात आपल्या घरातले अकरा जण फौजेत! भरतीचा कॅम्प गावातच लागला असणार.

१८ फेब्रुवारी
बायको, द्वारका, चहा ठेवायला आली आणि खांद्यावरून वाचत बसली. म्हणाली, भागूबाई, वय दोन. हिला बंदूक कुणी उचलून दिली, व्हय? मी म्हणालो, वारस म्हणून नाव लावतात. ती म्हणाली, बरं. हे ‘बरं’ मला कळतं.

२० फेब्रुवारी
मॅडमना अजून पानं पाठवली नाहीत. त्या फार सावकाश तपासतात. फ्लेक्सवाल्याला मजकूर दिला: वीर पुंजाराम आणि दहा शूर.

२५ फेब्रुवारी
मेळावा, मुकुंदवाडी. मॅडमना मीच बोलावलं होतं. हार पडायच्या आधी त्यांनी फ्लेक्स वाचला, मोबाइलवर मूळ पान मागितलं. मग हळूच, पण माइकजवळ, म्हणाल्या, भाईसाब, ये फौज नहीं, फौत है. वारले. बद्रीनाथ ओरडला, अरे दादा, मेलेल्यांची भरती केलीस का! लोक हसले. द्वारकापण.

२६ फेब्रुवारी
विश्वासघात. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ज्या बाईंना मी पहिल्या रांगेत बसवलं, त्यांनीच. बद्रीनाथचा नंबर ब्लॉक. संस्थेचं काम बंद. पुन्हा नाही.

२७ फेब्रुवारी
मॅडमचा मेसेज. पानं दुरुस्त करून द्या, तुमच्याच हातानं बरं. त्याखाली: १९१८ म्हणजे मानमोडीची, इन्फ्लुएंझाची साथ. घरात हे कुणी कधी सांगितलं नाही. वडिलांनी नाही, काकांनी नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि मला फ्लेक्सखाली उभं राहून कळावी.

१ मार्च
दुरुस्ती. रोज पन्नास करू.
पुंजाराम, फौत. त्यांची बायको आवडाबाई, चार दिवसांनी, फौत. भागूबाई त्यांचीच. फौत.
अकरा झाले. पुढं जमलं नाही. द्वारका शेजारी बसली होती.

२ मार्च
त्या घराची शेवटची ओळ राहिली होती. रामकिसन वल्द पुंजाराम, वय सहा महिने. शेरा नाही. तिथं मी लिहून ठेवलं होतं: भरतीस अपात्र.
हे माझे आजोबा.
‘भरतीस अपात्र’ खोडलं. रकाना रिकामा ठेवला.