पहिल्या पगाराचा सोबा

२१ एप्रिल
जेवणाची खरी किंमत कशी ठरवायची? मला सांगता येत नाही. चार वर्षं अर्थशास्त्र शिकूनसुद्धा. बाबांना येतं. वाडगा रिकामा झाला की ते एकच शब्द म्हणतात: वसूल. माझ्या डिग्रीबद्दल अजून म्हणालेले नाहीत. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पंचवीसला पहिला पगार. रविवारी आईबाबांना उएदाहून टोकियोला बोलावून जेवायला नेणार. तो शब्द त्या दिवशी ऐकणारच.

२३ एप्रिल
दुकान ठरलं. कुरोइवांचं. निव्वळ कुट्टूच्या शेवयांचा सोबा, गव्हाचा कणही नाही. कुरोइवा फोनवर खेकसले, सेंट लावून येऊ नका. उर्मट, पण तत्त्वाचा माणूस दिसतो. आमचं जमेल. संकल्प: भांडायचं नाही. आभाराचं भाषण पाठ केलं. आई रडेल.

२६ एप्रिल, संध्याकाळ
भाषण उत्तम झालं. निदान अर्धं. बाबांनी लोकांच्या भिंतींना गिलावा करून मला कसं शिकवलं, इथवर आले होते. तेवढ्यात कुरोइवा आतून आले. म्हणाले, ताई, सोबा भाषणासाठी थांबत नाही. जेवायला आलात की सभा घ्यायला?
मी शांतपणे (आई म्हणते, किंचाळून) सांगितलं की बांबूच्या जाळीवर सोबा इतका विरळ आहे की खालचं टेबल दिसतंय, आणि या भावात टेबल बघायला आम्ही आलेलो नाही. ते म्हणाले, पोट भरायचं तर स्टेशनवर जा.
बाबा माझी बाजू घेतील अशी खात्री होती. बाबा म्हणाले, बरोबर बोलतोय तो. बघ, सोब्याचा गोळा झाला तुझ्या बडबडीत.
मी आणखी मागवला. कुरोइवांनी दारावरचा पडदा काढून आत घेतला, म्हणजे दुकान बंद. आजचं पीठ संपलं, म्हणाले.
आई म्हणाली, चव छान होती गं. बाबा म्हणाले, चव कळायला तोंडात काहीतरी जावं लागतं. उएदात एवढा सोबा खाताना सांडतो.
गाडीला वेळ होता. बाबा थेट प्लॅटफॉर्मवरच्या, उभ्याने खायच्या दुकानात घुसले. तिथल्या शेवयांत निम्म्याहून जास्त गहू. मी तत्त्व म्हणून आत गेले नाही. आईची पिशवी धरून काचेबाहेर उभी राहिले. बाबांनीच पैसे दिले, भुरके मारले, वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला. दार उघडंच होतं. स्पष्ट ऐकू आलं.
वसूल.
गाडीत चढताना म्हणाले, चिझुरू, पुढच्या वेळी सरळ इथेच आण.

२७ एप्रिल, सकाळ
कुरोइवांच्या दुकानाचं परीक्षण लिहायला बसले. ग्राहकहितासाठी. राग अजिबात नाही. पण निःपक्षपाती विचार केल्यावर लक्षात आलं की खरा अपराधी दुसराच आहे.
प्लॅटफॉर्मवरच्या दुकानाला पाचपैकी एक तारा देऊन टाकला.