सुलभाचा रिबनवर्म

मंगळ., ११ नोव्हें., स. ११.२०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात बरण्यांत स्पिरिट भरायला गेले. निवृत्त झाले तरी ते काम माझंच. कपाटात बरण्या चकचकीत, रिकाम्या! तपासणी समिती येणार म्हणून सगळे नमुने एका बादलीत उलटून बरण्या धुतल्या. माझ्या मैत्रिणीचा, सुलभाचा रिबनवर्म, तो फितीसारखा समुद्री कृमी, बादलीत, तुकडे तुकडे. तिच्या नावाची चिठ्ठीही धुण्यात गेली.

विभागप्रमुख दुबे. माझाच विद्यार्थी. म्हणे, "मॅडम, आपने ही तो पढ़ाया था, टुकड़े से पूरा बन जाता है।"

"ज़िंदा हो तब, दुबे! वह भी कुछ ही जातियों में। परीक्षा में भी तुम आधा ही लिखते थे।"

बुध. १२

दिवसभर मालवणची ती अभ्यास-सहलच डोळ्यांसमोर. ओहोटी. सुलभाने दगड उलटला, खाली हा, जांभळट, बुळबुळीत. शेजारच्या केसाळ कृमीवर आतली पांढरी सोंड फेकली आणि गिळायलाच लागला. मुली किंचाळल्या. सुलभा म्हणाली, "काहून ओरडून राहिल्या गं? जेवू द्या त्याला."

थेट स्पिरिटमध्ये टाकला तर हा आक्रसतो, स्वतःलाच तोडतो. म्हणून समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचं मीठ थोडं थोडं घालत, तो सैल पडेपर्यंत ती दुपारभर बसून राहिली. स्वतः जेवली नाही. तेव्हा कुठे हातभर लांब, अखंड नमुना हाती आला. सबंध कपाटात तेवढ्याच बरणीवर तिचं नाव.

गुरु. १३

केतकीचा, सुलभाच्या मुलीचा, नागपूरहून फोन. "मावशी, मंगलवार को आ रही हूँ। आईचं ते बरणीतलं बघायचंय." आई गेल्यावर प्रथमच येते आहे. "ये" म्हटलं.

उपाशी ठेवला तर हा प्राणी महिनोन्महिने तग धरतो. स्वतःलाच वापरत, आखूड होत. वर्गात किती उत्साहाने सांगायचे. आज एकटीपुरता भात लावताना आठवलं. जेवण गेलं नाही.

शुक्र. १४

बादली जागेवर नाही. शिपाई म्हणतो, "दुबे सर से पूछिए, दीदी।" दुबे मीटिंगमध्ये. दारात उभी राहिले, कोणी खुर्ची दिली नाही. बाहेर आला तो हसत, "एक कीड़े के लिए इतना, मॅडम?"

घरी आले, अर्ज लिहिला, परत जाऊन दिला. शिक्का मारून पोच घेतली. विचारलंय: तुकडे कुठे आहेत? फेकले असतील तर कोणाच्या हुकमाने? सापडले तर, जसे असतील तसे, सुलभाच्या नावाच्या चिठ्ठीसह बरणीत परत ठेवणार की नाही? सोमवार, १७ नोव्हें., दुपारी चारच्या आत उत्तर द्यावे. लेखी. तोंडी चालणार नाही.