‘घरटी सफाई’ची कबुली

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, भोर, जि. पुणे.

विषय : पाकोळ्यांची घरटी पाडल्याच्या नोटिशीतून श्रीमती रतनबाई बोडके यांचे नाव कमी करून माझे घालणेबाबत.
संदर्भ : रतनबाईंना आलेली आपली नोटीस, दि. १७ एप्रिल २०२५.

महोदय,

अर्ज करतो की, मी ग्रामपंचायतीत तेवीस वर्षे शिपाई असून फळ्यावरची सूचना गावाला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्याचा मला अभिमान होता. आता सांगायची लाज वाटते.

१) दि. १० रोजी सूचना लागली : ‘जत्रेनिमित्त शनिवारी घरटी सफाई करावी.’ म्हणजे प्रत्येक घराने आपापले अंगण झाडावे. मी ‘घरटी’ म्हणजे पाखरांची घरटी असे वाचले.

२) शनिवारी सात फुटी बांबू घेऊन मी दुपारपर्यंत वळचणीची मातीची एकोणीस घरटी पाडली. काहींत अंडी होती. ती मोजण्याचे धाडस झाले नाही. कोणी विचारले की सरकारी काम आहे म्हणत होतो. एकाने तर आपणहून शिडी दिली.

३) रतनबाई, वय पंच्याहत्तर, या एकट्याच आडव्या आल्या. ‘पिलं उडू दे रं रखमा, मग काय करायचं ते कर,’ म्हणाल्या. मी सूचनेचा कागद पुढे धरला. त्यांना वाचता येत नाही हे ठाऊक असूनही ‘कायदा हाय, वाचून घ्या’ असे बोललो. त्या बाजूला झाल्या.

४) संध्याकाळी त्यांची सून सुलक्षणा हिने सूचना वाचली व ती म्हणाली, ‘मामा, घरटी म्हंजी घरागणिक. तुमी हे काय करून बसला?’ वन्य पाखरांच्या घरट्यांना व अंड्यांना कायद्याचे संरक्षण आहे, हेही तिनेच मोबाईलवर दाखवले. ज्या कायद्याचा मी धाक घातला तो रतनबाईंच्या बाजूचा निघाला.

५) पुढे कोणीतरी आपल्याकडे फोटो पाठवला. त्यात रतनबाईंचे दार होते. वनरक्षक चौकशीला आले तेव्हा मी दहा पावलांवर गावच्या नळाला पाणी सोडत होतो. रतनबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि ‘माझ्या दारातलं हाय, माझंच नाव घ्या’ असे सांगितले. मी खाली मान घालून चावी फिरवत राहिलो. इतकी शरमेची गोष्ट माझ्या हातून आजवर घडली नव्हती.

६) पाकोळ्या पुन्हा घरटी बांधत आहेत. सध्या चिखल फक्त सार्वजनिक नळाच्या गळतीखाली मिळतो आणि ती गळती बंद करण्याचा मला आदेश आहे. तरी घरटी पुरी होईपर्यंत गळती राहू द्यावी, असे पत्र आपण ग्रामपंचायतीस द्यावे. (येथे घरटी म्हणजे पाखरांचीच.)

७) सोमवारी दि. २८ च्या सुनावणीला रतनबाईंना बोलावू नये. मी येतो. नोकरी गेली तरी तक्रार नाही. माझे नाव का घेतले नाही, असे काल त्यांना विचारले. म्हणाल्या, ‘तुझ्या हातात नुसता बांबू असता तर म्या हालले नसते. कागद बघून सरले. मग चूक माझीबी न्हाई का?’

साहेब, त्यांची चूक नाही, एवढे आपल्या सहीशिक्क्याने लिहून द्यावे. मी वाचून दाखवले तर त्यांचा आता विश्वास बसणार नाही. सुलक्षणा वाचेल.

आपला नम्र व दोषी,
(सही)
रखमाजी बाबू शिळीमकर
ता. भोर, दि. २२ एप्रिल २०२५

सोबत : १. सूचनेची प्रत. २. बांबू, एक नग (कार्यालयाच्या दाराबाहेर ठेवला आहे).