साहेबाने दिलेली खुर्ची

पुता गौरेश,

तुम्ही पायलटांनी युनियन काढायचं ठरवलं, तर साहेबच म्हणाला, "कंपनीतल्या कंपनीत काढा, गौरेशला अध्यक्ष करा." हे सांगताना फोनवर तू भट्टीतल्या उंडा-पावासारखा फुगला होतास.

तुझ्या आजोबांनाही खाणमालक असाच अध्यक्ष करायला निघाला होता. मालकाच्या खुर्चीत बसून मालकाशी भांडता येत नाही, म्हणून ते नको म्हणाले आणि घरी बसले. खुर्ची शेजारच्या सगुणने घेतली. तो मेला तेव्हा खांदा द्यायला एक कामगार आला नाही. मालकाने चार ड्रायव्हर धाडले.

तुझ्या साहेबाकडे आहेत ना रे चार ड्रायव्हर?

सेजल, लिहिलंस मोबाइलात? आता हे लगेच धाडू नको, रात्रभर झोपायचा नाही तो. उद्या तुझ्या भावाच्या भरवशावर दीडशे माणसं विमानात बसायचीत.

तुझी अंगठेबहाद्दर आजी,
मु. मये