अस्वलाच्या पाठीवरचा भागाकार

२ डिसेंबर

बाबा घरी आले. डॉक्टर म्हणाले, आता हॉस्पिटलमध्ये ठेवायची गरज नाही. म्हणजे सुधारणा आहे. आत्याला तसं म्हटलं, तर ती उशांचे अभ्रे बदलायला गेली. भावासाठी बेमुदत रजा घेऊन आली आहे. इतकी रजा देणारं ऑफिस मी तरी ऐकलेलं नाही.

पलंग खिडकीशी लावला. तिथून अख्खं अंगण दिसतं.

संकल्प एक : नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आत अंगणात प्राण्यांचा बँड उभा करायचा. बाबा दर वर्षी लाकडी बँड उभा करायचे. तो वाळवीने खाल्ला. बावीसला सुट्ट्या. वीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. बाबा बघतील आणि उठून बसतील.

संकल्प दोन : रोज एक तास बाबांजवळ बसायचं. त्यासाठी आत्याने पलंगाशेजारी खुर्चीही ठेवली आहे.

५ डिसेंबर

प्लायवूड आणलं. अस्वल ढोलवालं, हरीण व्हायोलिनवालं, बदक ट्रंपेटवालं, ससा झांजावाला. मापं प्लायवरच जाड पेन्सिलने मांडली. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबांचं वर्कशॉप. भागाकार मी फळीवरच शिकले. चुकलं की मी खोडायला जायचे आणि बाबा हात धरायचे. म्हणायचे, राहू दे, कुठे चुकलं ते तरी कळेल.

बाबांजवळ : दहा मिनिटं.

खरं लिहायचं तर सात. उभ्याने.

८ डिसेंबर

जिगसॉची दोन पाती मोडली. बदक कापून झालं. बाबांना दाखवायला आत नेलं. आत्या म्हणाली, वा, किटली झकास झालीय. बाबा हसले, मग खोकला लागला, मग सिस्टरांना फोन करावा लागला. आत्याने विनोद करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सिस्टर गेल्यावर बाबा म्हणाले, बस की जरा. मी म्हटलं, प्रायमरचा डबा उघडा आहे. ते लगेच म्हणाले, मग जा जा, उघडा ठेवू नये.

डब्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

११ डिसेंबर

हवा ओलसर. रंगाचा पहिला हात काही केल्या वाळेना. बाबा जेवत नाहीत. औषधाने तोंडाची चव जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बँड उभा राहिला की आपोआप भूक लागेल.

हरणाचे डोळे तीनदा पुसले. आधी रागीट झालं, मग चकणं, तिसऱ्यांदा हुबेहूब समोरच्या पोस्टमनकाकांसारखं. चौथ्यांदा जमलं.

बसायचे बरेच तास तुंबलेत. उद्यापासून रोज दोन.

१२ डिसेंबर

गेले होते. बाबा झोपलेले. दारातून परत फिरले. आत्याला म्हटलं, झोपलेल्या माणसाजवळ बसून करायचं काय? आत्या म्हणाली, बसायचं.

१६ डिसेंबर, दुपारी

बँड उभा! मुदतीच्या सहा दिवस आधी! रस्त्यावरची माणसं थांबून बघतायत. पोस्टमनकाका म्हणाले, हरीण कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं गं. मी विषय बदलला.

धावत बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा मागून घेतला होता आणि बाहेर बघत होते. मीही बघितलं. खिडकीतून चारही पाठी दिसत होत्या. कोरं प्लाय, टेकू, स्क्रू आणि माझी पेन्सिल. चौदा दिवसांत त्या खिडकीतून मी एकदाही बाहेर बघितलं नव्हतं.

आत्या म्हणाली, तोंडं गावाला आणि ढुंगणं आम्हाला होय?

बाबा म्हणाले, अस्वलाच्या पाठीवर भागाकार चुकलाय. एकोणचाळीस भागिले चार पावणेदहा. तू आधी सव्वानऊ लिहिलंयस, मग खाली सुधारलंयस. अस्वल खिडकीपासून चार पावलांवर, पण तरी त्यांनी एवढं वाचलं! मी लाजेने लाल. ते म्हणाले, अगं, असू दे. छान आहे वाचायला.

माझं मन राखायला म्हणाले, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

१७ डिसेंबर

सगळा बँड उपटून वर्कशॉपमध्ये आणला. पाठीही चेहऱ्यांसारख्याच रंगवायच्या. आत्या आडवी आली. म्हणाली, ठेव ना गं, दादा सकाळपासून तेच वाचतोय. सशाच्या कानाचं माप तू कुठे चुकलीस नि कसं सावरलंस, हे मला दोनदा सांगून झालं त्याचं. मी म्हटलं, आजारी माणसाने अर्धवट काम बघत पडून राहायचं का?

पॉलिश पेपरने पेन्सिल घासून काढली. अस्वलाला सर्वांत जास्त वेळ लागला. खोल दाबून लिहायची माझी सवय. मग प्रायमर.

१९ डिसेंबर

बाबांनी आत्याकरवी विचारलं, बँड कुठे गेला. मी दारातूनच सांगितलं, दोन दिवस, फक्त दुसरा हात राहिलाय. ते म्हणाले, लवकर आण. अंगण फार मोठं दिसतंय.

सिस्टर आता दिवसातून दोनदा येतात. सर्व्हिस खरोखरच चांगली आहे.

बाबांजवळ : दारातून धरलं तर तीन मिनिटं. दार धरायचं की नाही, ठरवलेलं नाही. उद्या मात्र नक्की. रंग वाळत असताना मला तसंही काही काम नसतं.

२० डिसेंबर

रंग वाळत होता. ब्रश धुतले. मग धुतलेले ब्रश पुन्हा धुतले.

२१ डिसेंबर

सकाळी दुसरा हात वाळला. चारही पाठींना चेहरे आले. हरीण तर मागून जास्त चांगलं. वार्निश सुरू केलं. दुपारपर्यंत अंगणात लावता येईल असा अंदाज.

आत्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, दार लाव, ओल्या वार्निशवर धूळ बसेल.

तिने दार लावलं नाही.

२८ डिसेंबर

बाबांना जाऊन आज सात दिवस झाले.

सकाळी बँड अंगणात लावला. पोस्टमनकाका फाटकापाशी टोपी काढून उभे होते. म्हणाले, आता कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघतात गं पोरी. काम पुरं झालं. वार्निश पक्कं आहे, पाऊस आला तरी काही होणार नाही.

मग आत गेले. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली आहे. खुर्ची तिथेच होती. ठरल्याप्रमाणे एक तास बसले. घड्याळ लावून, पूर्ण साठ मिनिटं. खिडकीतून अस्वल स्वच्छ दिसतं. रंग एकसारखा बसलाय, कुठे डाग नाही. वाचायला काही नाही.

खुर्ची डुगडुगते. मागचा डावा पाय आखूड आहे, अर्धा इंच तरी. आत्याला विचारलं, ही कधीपासून अशी?

ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून.