स्टोव्हरनंतरचं नाव

गार्नर फॉल्स, आयोवा
२४ मार्च १९८७

चि. ॲन्सेल यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या कॉलेजचं जाड पाकीट घरी आलं. तुझं टपाल मी फोडत नाही, पण सोनेरी ठसा बघून राहवलं नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्या दहा टक्क्यांत तू आहेस आणि तुला त्यांच्या सन्मान मंडळात घेणार म्हणे! शाळेच्या स्वयंपाकघरात वाढता वाढता मी सगळ्यांना पत्र दाखवलं. आता त्यावर रस्सा सांडलाय, रागावू नकोस.

सोबत होकाराचं कार्ड होतं. तू विसरशील म्हणून मीच भरलं, तुझी सहीसुद्धा केली. रविवारी, २६ एप्रिलला समारंभ. आडनावांच्या क्रमानं एकेकाला पुकारणार, तो मोठ्या वहीत सही करणार, आणि नाव घेतलं की घरच्यांनी जागेवर उभं राहायचं. व्हर्नामावशी मला म्हणते, आयोन, तू तर आधीच उभी असशील. तुझ्या बाबांना जन्मभर कुणी पुकारलं ते कारखान्यातल्या हजेरीला. म्हणून मी दोघांच्या वाटचं उभं राहीन.

कॉलर इस्त्रीची घाल. तुझा आवडता रुबार्बचा आंबटगोड पाय भाजून थाळीसकट आणते. जपून राहा, पोटभर जेव.

तुझी आई


मार्लो, आयोवा
३ एप्रिल

ती. ग्रेटाताईस शि. सा. न.

सोबत आईचं पत्र आहे. माझ्या जुन्या खोलीवर गेलेलं, तिथल्या पोरानं आणून दिलं. जुन्या खोलीवर, कारण मी फेब्रुवारीतच कॉलेज सोडलं. मंडळाची यादी आधीच्या सहामाहीच्या गुणांवरून केलेली, त्यात माझं नाव तसंच राहिलं.

का सोडलं म्हणशील. माझी मैत्रीण कोरिन, तिला जूनपासून शिकागोत नोकरी लागली. शिकागो की मी, असं मी तिला ग्रंथालयाच्या पायरीवर विचारलं. असं विचारतोस म्हणूनच शिकागो, असं म्हणाली. त्याच दुपारी मी ऑफिसात जाऊन ओळखपत्र टेबलावर आपटलं. आता गॅरेजात टायर बदलतो.

आणि ताई, मंडळाची चिटणीस कोरिनच आहे. नावं तीच वाचणार. हसू नकोस, पण मी वहीत सही करायला जाणार. एकदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकू दे, मग बुडू दे सगळं. तू फक्त आईला थोपव. मला गालगुंड झालंय सांग, समारंभ रद्द झाला सांग, काहीही सांग. पाया पडतो.

तुझा वेडा भाऊ
ॲन्सेल


मिनिॲपोलिस
९ एप्रिल

चि. ॲन्सेल यास आशीर्वाद, आणि लांबूनच एक चपराक.

मी काहीएक थोपवणार नाही. आईनं नवी टोपी घेतलीय. टोपी घेतलेल्या बाईला थोपवणारा अजून जन्मायचाय. आणि कोरिनचं म्हणशील तर ती बरोबर बोलली. लहानपणी खेळात हरलास की सोंगट्या उधळायचास, तेच आता आयुष्याचं केलंयस.

तूच सांग तिला, समारंभाच्या आधी. चार शब्दांचं काम आहे: आई, मी कॉलेज सोडलं. बघ, मी लिहूनही दिलं. तू नुसतं उतरवून काढ आणि तिकीट लाव.

रागावले तरी तुझीच
ग्रेटा


मार्लो
२६ एप्रिल, संध्याकाळ

ती. आईस सा. न. वि. वि.

आज मी सभागृहातच होतो. मागच्या दाराशी, कोट टांगायच्या दांडीआड.

मंगळवारी कोरिन गॅरेजात आली होती. यादी तपासली तेव्हा माझं नाव कमी केलं, असं म्हणाली. कार्डावरचं अक्षर बाईमाणसाचं दिसतं, तुझ्या आईला तू सांग, नाहीतर मी फोन करते, असंही म्हणाली. मी पाना फरशीवर आपटला. माझ्या आईच्या वाटेला जायचं नाही, असा ओरडलो. ती निघून गेली. बाकीची पोरं टायर तपासत बसली.

तरी मी आलो. वाटलं, शेवटच्या क्षणी विरघळेल, वाचेल.

तिनं स्टोव्हर वाचलं. स्टोव्हरनंतर आपण स्ट्रँड, हे तू मोजूनच ठेवलं असणार. तू उभी राहिलीस. आई, नाव पुकारायच्या आधी. कोरिननं तुला पाहिलं आणि तिचं बोट कागदावर थांबलं. जिच्यासाठी दोन महिने तडफडलो ती समोर होती, आणि मी तुझ्या टोपीकडे बघत होतो.

तिनं टिअर्नी वाचलं.

व्हर्नामावशीनं बाही ओढली, तरी तू बसली नाहीस. टिअर्नींच्या पोराला टाळ्या वाजवल्यास. त्याच्या आईनं वळून तुझा हात हातात घेतला. मग तू दाराकडे पाहिलंस आणि मी कोटांत तोंड लपवलं. पुढे बाहेर गाडीच्या टपावर रुबार्बच्या पायची थाळी ठेवून तासभर वाट बघत उभी होतीस, तेही पाहिलं. मधे वीस पावलं होती. माझ्यानं टाकवली नाहीत.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी सहाच्या बसनं मीच येतोय. दार उघडलंस की हातात देईन, कारण ताईनं लिहून दिलेले चार शब्द तोंडातून निघत नाहीत. वाचून होईस्तोवर मी पायरीवरच थांबेन. मग आत घे, नाहीतर दार लाव.

आई, मी कॉलेज सोडलं.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
ॲन्सेल