आशाच्या पत्रिकेचा कागद

पुंडलिकनगर, औरंगाबाद
मार्च १९८६

तीर्थस्वरूप कडुबादादा यांना धाकट्या बहिणीचा, केसरचा जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना सांगा, कुरडया पोचल्या आणि संपल्याही. इकडं सगळे ठणठणीत. फक्त अख्खी गल्ली मला हसते आहे, पण त्यावर औषध नाही आणि असलं तरी मी घेणार नाही.

आशाच्या लग्नाची पत्रिका छापायला औरंगपुऱ्यात गेले होते. मजकूर तुम्हाला कळवला होता तोच, साधा : आमची आशा, बी.ए., आणि त्याखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ, पूर्ण नाव. छापखानेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला (अक्षरं तीच होती) आणि म्हणाला, "बाई, विद्यापीठाची पाटी बदलल्यावर या. लोक माझं मशीन फोडतील." दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्यानं चहा पाजून तेच सांगितलं. मी म्हटलं, ठेवा तुमचं मशीन! नाव आम्ही हातानं लिहू, आणि कागदसुद्धा तुमचा नको. (रिक्षात बसल्यावर आठवलं की मला कागद करता येत नाही.)

पण शेजारच्या मनकर्णाबाई लग्नाआधी दौलताबादकडं कागद करणाऱ्यांकडं रोजानं जायच्या. त्यांच्या हुकमानं अंबाडीची सालं सोडा घालून उकळली. वास असा की घरमालकांनी दोनदा येऊन गटार तपासलं. त्यात नामांतराची जुनी पत्रकं भिजवून कुटली, बाजूची आणि विरोधातलीही. आशा म्हणाली, विरोधातली कशाला? म्हटलं, येऊ देत की त्यांनाही लग्नाला. हा लगदा टबात घोळायचा, खिडकीच्या जाळीवर उचलायचा आणि ओला ताव भिंतीवर वाळवायचा. घरमालकांच्या भिंतीला नवा चुना होता. ताव सुटले ते चुना घेऊनच. वर पहिला घाणा पोत्यासारखा खरखरीत, शाई अशी पसरली की विद्यापीठ वाचता येईना. मनकर्णाबाई म्हणाल्या, "नुस्त्या अंबाडीवर नाय भागत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतंय, लई जुनं." तेही मिळालं. आता कागद असा होतो की बघत राहावं.

तेवढ्यात तुमचं पत्र आलं. नाव गाळ, नाहीतर मी लग्नाला येणार नाही, असं लिहिता. दादा, अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत तुमचं छप्पर पेटलं तेव्हा लेकरं घेऊन तुम्ही ज्वारीत लपून बसलात, ते मी विसरलेले नाही. तुमच्याकडं आलेली आशाही तुमचा हात धरून तिथंच होती. तुमच्या भीतीचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. पण त्या ज्वारीतली पोरगी शिकली. तिच्या पत्रिकेतून ते नाव मी गाळणार नाही, कोणी न आलं तरी नाही. पत्रिका फाडायची असेल त्यानं फाडून बघावी, अंबाडी आहे.

यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची केसर

ता.क. दिवाळीला आमच्या दोरीवर विसरलेला तुमचा पांढरा शर्ट आता शोधू नका, आणि वहिनींवर उगाच चिडू नका. तो लगद्यात गेला. प्रत्येक पत्रिकेत त्या नावाखाली तुम्ही थोडे थोडे आहात. त्यामुळं येणार नाही म्हणण्यात अर्थ नाही, तुम्ही घरोघर पोचलात.

आणखी ता.क. मुख्य काम राहिलंच. या रविवारी दुसरा पांढरा शर्ट घालून या. तुमच्या गावच्या पत्रिकांना कागद कमी पडतो आहे. मामानं लग्नात घालायला नवा शर्ट मी शिवून ठेवला आहे, पण जुना उतरवून दिल्याशिवाय तो मिळणार नाही.